डाव्या बुटाची गाठ

"तू बूट काढला न्हाईस मारोती, बुटाबद्दल जे वाचलंस ते काढलंस," उमाशंकर फोनवर म्हणाला आणि खदाखदा हसला.

मी त्याला माझ्या पहिल्या चित्राचा फोटो पाठवला होता. तो म्हणाला ते बरोबरच असावं. बुटाला तळवा असतो, तोंड असतं, लेस ओवायला भोकं असतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ते सगळं काढलं होतं. तळवा बाजूनं पाहिलेला, तोंड वरून पाहिलेलं, आणि भोकं पुरीसारखी गोल गरगरीत. एकाच वेळी हे सगळं कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. मी जन्मभर लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वस्तूंपेक्षा वस्तूंविषयीची पुस्तकं मला जवळची.

उमाशंकर आणि मी नांदेडला शिकत असताना वसतिगृहात एका खोलीत राहायचो. पुढं तो तिथल्याच एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. मी अबोल, तो चारचौघांत बसला की बाकीचे अबोल. माझी बायको पार्वती गेली, त्यानंतर तो मला रोज सकाळी फोन करू लागला. मी काय बोलणार? तोच बोलायचा. एकदा म्हणाला, "वाचून वाचून तू डोक्यातच राहून राहिलास. हाताला काहीतरी काम लाव. घरातली एखादी वस्तू घे अन् काढ. रोज फोटो पाठव, मी सांगतो कुठं चुकलं ते."

मी बूट निवडला. का निवडला, ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

बूट पार्वतीचा होता. राखाडी जाळीच्या कापडाचा, बाजूनं गुलाबी पट्टी, खाली जाड पांढरं रबर. तिला साखरेचा त्रास निघाला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा आमची मुलगी बुद्धप्रिया हे बूट घेऊन आली. ती त्यांना स्नीकर म्हणायची. पार्वतीनं पातळाखाली ते पहिल्यांदा घातले, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "पोलीस भरतीला निघाल्यावानी दिसून राहिले की मी!" पण नंतर तिला त्यांची सवय लागली. चपलेतून बाहेर आलेल्या तिच्या टाचांच्या भेगा बुटात भरून आल्या, याचंच तिला जास्त कौतुक होतं.

लेस बांधायला मात्र ती बुद्धप्रियाकडून शिकली नाही. पार्वतीचं माहेर चाकूरजवळचं. लहानपणी ती लोकांच्या शेतात ज्वारी काढायला जायची आणि कडब्याच्या पेंढ्या बांधायची. पेंढीला गाठ मारत नाहीत. बंधाची दोन टोकं एकमेकांवर पिळतात आणि तो पीळ बंधाखाली खोचून टाकतात. लेसचीही दोन टोकं ती तशीच पिळायची आणि पीळ आत खोचायची. बुद्धप्रियानं दोन पाकळ्यांची गाठ दाखवली तर म्हणाली, "ते फूल तुझ्या हाफिसात ने. माझी पेंढी सुटत न्हाई." आणि खरंच सुटायची नाही. घरी आल्यावर ती एका पायानं दुसऱ्या पायाची टाच दाबून बूट काढायची, लेस न सोडता. त्यामुळे टाचेकडचा भाग चेपला होता, आणि गाठ सैल वाटल्याशिवाय ती पुन्हा बांधायची नाही.

एका सकाळी मैदानावर चालता चालता ती पडली. उजवा पाय अंगाखाली मुरगळून सुजला होता. दवाखान्यात कात्रीनं लेस कापून त्यांनी तो बूट काढला. डावा पायातून तसाच निघाला. ती शुद्धीवर आलीच नाही. तिचं पातळ आणि बूट मला एका पिशवीत घालून दिले. उजव्या बुटाची लेस तुकडे होऊन लोंबत होती. डाव्या बुटावर तिची पेंढी तशीच होती, तिनं पिळून खोचलेली.

मी उजवा बूट ट्रंकेत ठेवला आणि डावा खिडकीशी, पुस्तकांच्या शेजारी. त्याला हात लावायची मला भीती वाटे. पाहायला मात्र हरकत नव्हती. चित्र काढायचं म्हणजे पाहायचंच असतं.

उमाशंकर शिकवायला कडक होता. "आधी बूट विसर," तो म्हणायचा. "उजेड कुठून येऊन राहिला ते बघ. एकच खिडकी उघडी ठेव." मी बाकीच्या बंद केल्या. तेव्हा बुटाची एक बाजू उजळली, दुसरी बुडाली, आणि कापडाची वस्तू मला पहिल्यांदा भरीव दिसली. मी भोकं लंबगोल केली. तळव्याखाली सगळीकडे सारखी काळी सावली भरली, तर तो म्हणाला, "तुझा बूट हवेत हाय. जिथं रबर फरशीला टेकतं तिथं सावली काळीभोर, अन् बाहेर येता येता पातळ. तेवढं कर, बघ कसा बसतो खाली." केलं आणि बूट खरोखर खाली बसला. मला इतका आनंद झाला की सांगावं असं कुणी घरात नाही हे थोड्या वेळानं लक्षात आलं.

जाळी काढताना मी एकेक छिद्र काढत बसलो. त्यानं फोटो पाहून कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. "चाळणी काढलीस व्हय रं? उजेड जिथं वळतो तिथंच चार-दोन छिद्रं दाखव. बाकीची बघणारा आपल्या मनानं भरतो." हे मला वाचनासारखंच वाटलं, म्हणून चटकन कळलं. रबर गुळगुळीत आहे, त्यावर चमक धारदार हवी. कापडावरची चमक मऊ हवी. चेपलेल्या टाचेच्या सुरकुत्या सगळ्या सारख्या नसतात. असं एकेक.

गाठीला सर्वांत जास्त वेळ लागला. लेस म्हणजे पट्टी, पट्टी पिळली की तिची कड कुठं दिसते, कुठं लपते, कुठं पलटून परत येते. तिच्या बोटांनी ती कशी पलटली असेल ते मी पेन्सिलीनं शोधत होतो. खोडायचो, परत काढायचो. मला स्वतःच्या कुठल्याच रेघेची खात्री नसते, म्हणून मी ती दाबून काढतो. उमाशंकर त्यावरून मला फार बोलायचा. "कागदात नांगर धरलास का? मागच्या बाजूला वळ उठले असतील! हात हलका ठेव." माझा हात शेवटपर्यंत हलका झाला नाही. पण गाठ जमली. ज्या सकाळी ती जमली त्या सकाळी मी त्याला फोटो पाठवला नाही. तेवढी एक सकाळ ती माझ्याकडे राहू दिली.

नंतर त्यानंच नांदेडच्या प्रदर्शनाचं काढलं. निवृत्त कलाशिक्षकांचं एक मंडळ होतं, त्यांनी साठीच्या पुढच्या हौशी लोकांची चित्रं मागवली होती. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "तुझं नाव मी देऊन टाकलंय. चित्र घेऊन ये अन् बूट पण आण. चित्राखाली बूट ठेवू. लोकांना ताडून बघू दे."

बूट न्यावा की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी वाटलं, तिचा बूट चार लोकांनी पाहिला तर काय बिघडलं. तो टॉवेलात गुंडाळून, चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून मी बसमध्ये बसलो. चाकूरला बस थांबली तेव्हा पिशवी मांडीवर घेतली.

उमाशंकरनं चित्र हाताच्या अंतरावर धरलं आणि उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाला, "मारोती, हे तू काढलंस?"

"तूच काढून घेतलंस," मी म्हणालो.

त्याचे डोळे भरले होते. चुकत नसेन तर खरोखर भरले होते. मग त्याची नजर फिरत फिरत गाठीवर आली आणि तिथं थांबली. "हितं जरा..." तो म्हणाला.

तेव्हा मी त्याला सांगितलं. एवढं सलग मी पूर्वी कधी बोललो असेन असं वाटत नाही. पेंढी, चाकूर, मैदान, दवाखाना. "ती गाठ तिनं बांधलेली हाय," मी म्हणालो. "शेवटची. चित्रातली राहू दे अन् बुटावरची पण. लेसला हात लावू नको."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येडा हायस का? मला काय कळत न्हाई व्हय? वहिनींची गाठ हाय ती. जिम्मा माझा. फ्रेम करतो अन् टांगतो, बस."

मी चित्र आणि बूट त्याच्याकडे ठेवून बुद्धप्रियाकडे गेलो. ती नांदेडलाच एका सरकारी कार्यालयात आहे.

एक गोष्ट मला आठवायला हवी होती. उमाशंकरचे विद्यार्थी चित्रकलेच्या परीक्षांना बसायचे, शाळांच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवायचे. चित्र द्यायच्या आदल्या दिवशी तो प्रत्येकाच्या चित्रावर 'हात फिरवायचा'. सगळेच मास्तर फिरवत. पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे; सरांनी आपल्या चित्राला हात लावला याचा उलट अभिमान असे. असली प्रदर्शनं आम्ही दोघं मिळून पाहिली होती आणि मी त्याला म्हणालोही होतो, "ह्या सगळ्या पोरांची सही सारखीच दिसते." तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. बुद्धप्रिया कार्यालयातून परस्पर आली. माझ्या चित्रासमोर गर्दी होती, म्हणून मी लाजून लांब खांबाशी उभा राहिलो. तीच आत शिरली. थोड्या वेळानं माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता.

"बाबा, गाठ तुम्ही बदलली का?"

"न्हाई."

"मग चला, बघा."

मी पाहिलं. राखाडी जाळी माझी होती. तळवा माझा, सावली माझी, चेपलेली टाच माझी. मधोमध, बुटाच्या तोंडाशी, लेसची दोन पाकळ्यांची सुंदर गाठ होती. एक पाकळी पुढं आलेली, तिची सावली कापडावर पडलेली, दुसरी किंचित लवलेली, टोकाच्या प्लॅस्टिकवर उजेडाचा बारीक ठिपका. इतकी हलकी, इतकी खरी की हात पुढं जावा.

आणि मला काय वाटलं ते सांगतो. क्षणभर वाटलं, मीच अशी काढली असेन. मला कुठं काय नीट आठवतं? इतक्या आठवड्यांत कधीतरी बुद्धप्रियाची गाठ डोळ्यांपुढं येऊन मीच ती काढली असेल आणि पेंढी माझ्या मनातच राहिली असेल.

मग मी खाली पाहिलं. पांढऱ्या कापडानं झाकलेल्या स्टुलावर बूट ठेवला होता. त्याच्यावर तीच गाठ होती, चित्रातली, दोन पाकळ्यांची. लेस धुळीनं मळकट झालेली, पण एका पाकळीवर मधेच बोटभर जागा पांढरीशुभ्र होती. अगदी नवी असल्यासारखी. जो भाग इतके दिवस पिळून आत खोचलेला होता, ज्याला मैदानाची धूळ लागली नव्हती, तो बाहेर आला होता.

मी तिथून हलायच्या आत माझं नाव पुकारलं गेलं. दुसरं बक्षीस. शाल, नारळ. परीक्षक संभाजीनगरहून आले होते. ते माइकवर म्हणाले, "ती लेस ओढून पाहावी असा मोह होतो." लोक हसले. मग सूत्रसंचालकांनी माइक माझ्या हातात दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हणालो, "लेस माझी नाही. ती उमाशंकर सरांनी काढली."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय नम्र माणूस आहे!" उमाशंकरनं बसल्या जागेवरून हात जोडले.

मागं खुर्च्या रचून ठेवल्या होत्या त्या खोलीत मी त्याला गाठलं. गाठलं म्हणजे, बुद्धप्रिया मला हाताला धरून घेऊन गेली.

"बूट सोडलास तू," मी म्हणालो.

"सोडला म्हणजे?" त्याच्या तोंडात पेढा होता. "आरं हां, लेस. मग काय मनानं काढू? समोर बघितल्याबिगर मी रेघ मारत न्हाई, तुला म्हाईत हाय. बांधली, मांडली, अन् काढली. पुन्हा खाली बूट ठेवणार, तर चित्रात एक अन् बुटावर एक असं कसं चालेल?"

"मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलंस रे बाबा. पण परीक्षक बाहेरचा. त्याला वहिनी कुठं म्हाईत? सगळा बूट जिवंत अन् मधीच गुंता. तो म्हणला असता, म्हाताऱ्याला लेस काय जमली न्हाई. अशा लेसवर पोरांचे मार्क जाताना मी आयुष्यभर बघितलेत."

"गुंता नव्हता तो."

"बरं, गाठ म्हण. मग बांध की परत! लेस हाय, बूट हाय, तू हायस. काय चोरीला गेलं का?"

"काका," बुद्धप्रिया म्हणाली, "आईनं बांधलेली परत कोण बांधणार?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. पेढा त्यानं गिळला. त्याला कळलं असं मला त्या वेळी वाटलं. पण मग तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "पोरी, मी तुझ्या बापासाठीच केलं. जन्मभर ह्याला कुणी स्टेजवर बोलावलं का? आज बोलावलं."

हे खरं होतं. अनोळखी माणसानं हे केलं असतं तर मी ते सोडून दिलं असतं. ज्याला मी एकट्याला सांगितलं होतं, त्यानंच ते केलं. आणि रागानं नाही, हेव्यानं नाही, तर चांगल्या हातानं आणि माझ्या भल्यासाठी. शिवाय मनात आलं, चित्र खरं कसं दिसेल हे मीच तर त्याला रोज विचारत होतो.

"चित्र दे," मी म्हणालो.

"प्रदर्शन संपू दे की."

"आत्ता दे."

मी त्याच्याशी या आवाजात कधी बोललो नव्हतो. त्यानं फ्रेमसकट चित्र आणून दिलं. बूट बुद्धप्रियानं ओढणीत घेतला.

परतीच्या बसला चाकूर आलं तेव्हा वाटलं, उतरावं. पार्वतीची भावजय अजून आहे. ती मला एका मिनिटात पेंढी बांधून दाखवील. पण ती भावजयीची पेंढी असेल. मी उतरलो नाही.

लातूरला आल्यावर फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली. बूट खिडकीशी ठेवला नाही. रोज सकाळी फोन वाजायचा, मी उचलत नव्हतो. उमाशंकरचा आवाज नसलेली सकाळ लांबलचक असते, हेही लिहिलं पाहिजे.

मग एका सकाळी बाकीच्या खिडक्या बंद करून मी चित्र फ्रेममधून काढलं. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. उजेड तिरपा येत होता. कागद खिडकीपाशी आडवा धरला आणि त्या सुंदर पाकळ्यांच्या खाली मला खोबण्या दिसल्या. त्यानं माझं शिसं स्वच्छ खोडून काढलं होतं, पण मी नांगर धरलेला. कागद दबलेलाच होता. एक वळ, त्यावरून गेलेला दुसरा, पट्टी जिथं पलटते तिथला बारीक कोपरा. पार्वतीची पेंढी शिशाशिवाय तिथं होती.

मी खोडरबर घेतलं. त्याची गाठ हलक्या हाताची, लगेच निघाली. एवढं चांगलं काम खोडताना मी मधेच थांबून ते पाहून घेतलं. असं मला जन्मात काढता येणार नाही. मग पेन्सिलीला टोक केलं आणि खोबणीत ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. का कोण जाणे, मी उचलला.

"उचललास एकदाचा!" उमाशंकर म्हणाला. "ऐक. पुण्याच्या प्रदर्शनाला आपलं चित्र मागितलंय. दोन दिवसांत पाठव."

"ते चित्र आता न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"गाठ खोडली. माझी परत काढून राहिलो."

तो म्हणाला, "बक्षिसाचं चित्र हाय रे ते, मारोती." आवाज इतका लहान झाला होता की मला त्याची कीव आली. पण तो पेंढीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो होतो. तो म्हणाला, "निदान दाबू तरी नको. पाठीमागनं कागद फाटेल."

मी फोन ठेवला.

वळांवरून पेन्सिल नेत मी गाठ पुरी केली. पूर्वीइतकी ती जमली नाही. खोडलेल्या कागदावर शिसं नीट बसत नाही. पीळ दिसतो, पलटी दिसते. पुढं पीळ लेसखाली गेला आहे आणि तिथं खोबण नाही. जे डोळ्याला दिसतं तेवढंच काढायचं, असं मला शिकवलेलं होतं. खाली ती काय करायची ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

मी बूट आणला आणि पुन्हा खिडकीशी, पुस्तकांजवळ ठेवला. उमाशंकरच्या गाठीचं एक टोक ओढलं. ती लगेच सुटली. लेस दोन्हीकडं पसरली, मळकट, आणि मधे बोटभर पांढरी. ती मी तशीच राहू दिली आहे.